एप्रिल आला की शिट्टी खिशात: प्लेऑफ हॉकीतली दांडगाई आणि रेफ्री, थोडी पार्श्वभूमी

23 एप्रिल 2019. आमची टोरंटो मेपल लीफ्स बॉस्टनमध्ये सातवी मॅच 5-1 अशी हरून सीझन संपवून मोकळी झाली होती, मी तोंड पाडून सोफ्यावर, आणि सांगलीहून चारच दिवसांपूर्वी आलेले आप्पा जेटलॅगमुळे टक्क जागे, म्हणून टीव्ही बंद केला नाही आणि त्यावर सॅन होजे विरुद्ध वेगास ही दुसरी सातवी मॅच लागली. वेगास 3-0 पुढे, शेवटची साधारण अकरा मिनिटं उरलेली. फेसऑफ (पक, म्हणजे रबरी चकती, टाकून खेळ सुरू करतात तो) झाल्या झाल्या वेगासच्या कोडी ईकिनने जो पॅवेल्स्कीच्या छातीवर आडवी स्टिक मारली, तो तोल जाऊन मागे गेला, तेवढ्यात दुसऱ्याचा धक्का लागला आणि डोकं थेट बर्फावर. रक्त. रेफ्रींनी ईकिनला पाच मिनिटांची मेजर पेनल्टी दिली, म्हणजे तेवढा वेळ टीम एक माणूस कमी घेऊन खेळणार, आणि वर मॅचमधून हाकललं. आप्पांनी तरुणपणी कबड्डी खेळलेली, ते म्हणाले, "एवढा वेळ सगळे हाणत होते तेव्हा पंच झोपले होते का? आत्ताच बरा जागा झाला."

आता ह्याचं उत्तर द्यायला मला शंभर वर्षं मागे जावं लागतं, म्हणून हा पसारा. (हॉकी म्हणजे इथे आइस हॉकी, ध्यानचंदांची नव्हे. प्लेऑफ म्हणजे सीझन संपल्यावरच्या बाद फेऱ्या, दोन टीमची सात मॅचची सिरीज, आधी चार जिंकेल ती पुढे.)

आधी एक गोष्ट, नियमांचं पुस्तक सीझनला वेगळं आणि प्लेऑफला वेगळं असं काही नाहीये. पुस्तक एकच. पण ऑक्टोबरमध्ये ज्याला दोन मिनिटं बाहेर बसवतात तेच एप्रिल-मेमध्ये चालून जातं, आणि थर्ड, म्हणजे शेवटचा पीरियड किंवा ओव्हरटाइम (पहिला गोल मारेल तो जिंकला) असेल तर विचारूच नका. कारण काय, तर मॅचचा निकाल खेळाडूंनी लावावा, रेफ्रीने नाही. ऐकायला छान वाटतं. पण शिट्टी न मारणं हाही निकालच झाला की, फक्त तो दांडगटाच्या बाजूने लागतो.

NHL, म्हणजे इथली आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग, 1917 ची, आणि 1922 पासूनच मारामारीला थेट हाकलण्याऐवजी पाच मिनिटांची शिक्षा ठरली, म्हणजे बंदी नाही, दर ठरवून दिला. 1933 च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनच्या एडी शोरने टोरंटोच्या एस बेलीला मागून पाडलं, बेलीची कवटी फुटली, जीव वाचला पण करिअर तिथेच संपलं. दोन महिन्यांनी बेलीच्या मदतीसाठी टोरंटोत मॅच ठेवली तेव्हा त्याने त्याच शोरशी हात मिळवला. सिरीज संपल्यावर लायनीत उभं राहून हात मिळवायची पद्धत आजही आहे, आणि बाहेरच्या माणसाला तीच सगळ्यात चक्रावून टाकते.

रेफ्रींच्या अंगावर जायची हद्द 1955 ला झाली. मॉन्ट्रियलचा मॉरिस रिशार बॉस्टनमध्ये भांडणात सापडला आणि लाइन्समनलाच, म्हणजे रेफ्रीच्या मदतनीस पंचालाच, ठोसे मारले. लीगचे प्रेसिडेंट क्लॅरेन्स कॅम्पबेलनी त्याला उरलेला सीझन आणि पूर्ण प्लेऑफसाठी बाहेर केलं आणि वर 17 मार्चला स्वतः मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये मॅच बघायला जाऊन बसले! मग काय, अश्रुधूर फुटला, मॅच सोडून द्यावी लागली, बाहेर रस्त्यावर दंगल. तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांना ती शिक्षा म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्यांनी केलेला अपमान वाटला, ह्याचं राजकारण वेगळं आणि मोठं आहे. मॉन्ट्रियल त्या वर्षी फायनल सात मॅचमध्ये हरली.

पण मारामारीचं गणित कोणी मांडलं असेल तर फिलाडेल्फिया फ्लायर्सने. 1974 आणि 1975, लागोपाठ दोन कप (स्टॅन्ली कप, प्लेऑफ जिंकणाऱ्याला मिळतो तो). त्यांच्या डेव्ह शुल्ट्झच्या नावावर 1974-75 च्या सीझनमध्ये 472 पेनल्टी मिनिटं आहेत, तो रेकॉर्ड अजून तुटला नाही. डाव साधा होता, इतकं हाणायचं की रेफ्री प्रत्येकाला शिट्टी मारूच शकणार नाही, मारली तर मॅच पुढे सरकणारच नाही, आणि मग दहातल्या सहा-सात गोष्टी आपोआप माफ. आमच्या सोसायटीत पार्किंगचं असंच झालं होतं, सगळ्यांनीच चुकीची लावली की वॉचमन बोलायचं सोडतो. 1976 च्या फायनलला मॉन्ट्रियलने त्यांना 4-0 असं धुतलं तेव्हा बऱ्याच जणांनी सुटकेचा श्वास टाकला.

ऐंशीचं दशक म्हणजे तर रेफ्रींची परीक्षाच. 1984 च्या गुड फ्रायडेला मॉन्ट्रियल विरुद्ध क्युबेक, दुसऱ्या पीरियडच्या शेवटी सगळे एकमेकांवर तुटून पडले. कोणाकोणाला हाकललंय ते तिसऱ्या पीरियडआधी नीट जाहीरच झालं नाही, त्यामुळे हाकललेले लोकही परत बर्फावर आले, तिथे आल्यावर त्यांना कळलं की आपण बाहेर आहोत, मग गमवायला काहीच नाही म्हणून दुसरी मारामारी! एका मॅचला 252 पेनल्टी मिनिटं. 1987 ला फिलाडेल्फिया-मॉन्ट्रियल तर मॅच सुरू व्हायच्या आधी, वॉर्मअपलाच भिडले, का तर क्लॉड लेम्यूला वॉर्मअप संपताना समोरच्यांच्या रिकाम्या नेटमध्ये पक मारायची सवय. वॉर्मअपला रेफ्री बर्फावर नव्हतेच, त्यामुळे सोडवायला कोणी नाही.

आणि 1988, माझी सगळ्यात आवडती. न्यू जर्सीचे कोच जिम शोनफेल्ड मॅच हरल्यावर पॅसेजमध्ये रेफ्री डॉन कोहार्स्कीच्या मागे लागले, कोहार्स्की अडखळले, म्हणाले तू ढकललंस, शोनफेल्ड म्हणाले तूच पडलास, आणि जाड्या म्हणून वर अजून एक डोनट खा असं सुनावलं. कॅमेरा चालू होता. लीगने शोनफेल्डना सस्पेंड केलं, टीमने कोर्टातून स्टे आणला, शोनफेल्ड पुढच्या मॅचला हजर, मग रेफ्री आणि लाइन्समन म्हणाले आम्ही नाही येत. लीगचे प्रेसिडेंट जॉन झीग्लर त्या दिवशी कोणालाच सापडेनात. शेवटी स्थानिक हौशी लोकांना बोलावून, मॅच तासाभराने उशिरा चालू केली, लाइन्समनच्या अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांऐवजी प्रॅक्टिसच्या पिवळ्या जर्सी. कॉन्फरन्स फायनल, म्हणजे सेमीफायनलच होती हो ही, गल्लीतली टुर्नामेंट नाही.

पुढचं आमचं दुखणं. 27 मे 1993, टोरंटो सिरीजमध्ये 3-2 पुढे, लॉस एंजेलिसला सहावी मॅच, ओव्हरटाइम. लॉस एंजेलिसच्या वेन ग्रेट्झकीची स्टिक आमच्या डग गिलमोरच्या हनुवटीला लागली, रक्त आलं. तेव्हा रेफ्री एकच असायचा. केरी फ्रेझरला दिसलं नाही, त्याने लाइन्समनना विचारलं, त्यांनीही पाहिलं नव्हतं, पेनल्टी नाही. थोड्याच वेळात गोल कोणी मारला? ग्रेट्झकीनेच. सातव्या मॅचला त्याची हॅटट्रिक, आम्ही घरी. फ्रेझरने नंतर चूक कबूल केली. 1967 नंतर कप न बघितलेल्या गावात त्याचं नाव आजही घेतलं जातं, कसं ते इथे लिहीत नाही.

आम्हीपण काही सोवळे नाही. त्याच 2019 च्या सिरीजमध्ये दुसऱ्या मॅचला बॉस्टनच्या जेक डब्रस्कच्या गुडघ्याची धडक आमच्या नाझेम कादरीला बसली तेव्हा शिट्टी नाही, मग डब्रस्कने आमच्या मार्लोला बोर्डवर (कडेच्या भिंतीवर) आदळलं, तेव्हा कादरीने जाऊन त्याच्या तोंडावर आडवी स्टिक घातली. उरलेल्या पहिल्या राउंडसाठी सस्पेंड. बरोबरच होतं ते, पण पंच गप्प बसला की खेळाडू स्वतःच पंच होतो. उन्हाळ्यात कादरी कोलोरॅडोला गेला आणि 2022 ला कप जिंकला, जखमेवर मीठ.

मॅच 'मॅनेज' करायची, म्हणजे शिट्ट्या हिशोबाने वाटायची ही पद्धत उघड पण झाली एकदा. मार्च 2021 ला टिम पील ह्या रेफ्रीचा माइक चालू राहिला आणि आपल्याला नॅशव्हिलला लवकर एक पेनल्टी द्यायचीच होती असं बोलताना तो ऐकू गेला. लीगने त्याला कायमचं घरी बसवलं, जणू तो एकटाच तसा.

आता परत त्या रात्रीकडे. दोन मिनिटांच्या पेनल्टीत गोल बसला की बाहेरचा माणूस आत येतो, हा नियम 1956 चा, कारण आधीच्या सीझनला मॉन्ट्रियलच्या जाँ बेलिव्होने समोरचे पेनल्टीत बसलेले असताना 44 सेकंदांत तीन गोल मारले होते. मेजरला मात्र पूर्ण पाच मिनिटं, कितीही गोल बसोत. सॅन होजेने चार मारले. 0-3 चे 4-3, वेगासने शेवटच्या मिनिटात बरोबरी केली, ओव्हरटाइमला सॅन होजे जिंकली. आप्पा उठून उभे. नंतर लीगने वेगासची माफी मागितली, म्हणजे ती मेजर नव्हतीच. उन्हाळ्यात नवा नियम आला, मारामारी सोडून बाकीची मेजर दिली की रेफ्रींनी व्हिडिओ बघायचा.

आप्पांना मी हे सगळं नंतर सांगितलं तर त्यांनी विचारलं, मग त्या ग्रेट्झकीचं आता पकडता आलं असतं ना? नाही. दिलेली पेनल्टी (तीही ठरावीकच) तपासता येते, न दिलेली नाही. कोचला चॅलेंज आहे, पण पेनल्टी द्यायला हवी होती म्हणून ते वापरता येत नाही. आप्पा "बरं" म्हणाले आणि चहा टाकायला गेले.