कात की कूज?

गेल्या आषाढात आमच्या कासवाच्या पोटावर वाटाण्याएवढा पांढुरका डाग दिसला. आई पडवीत जवळा निवडत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "अगो, कात टाकता हा ता. काय करू नको त्याका." मलाही ते पटलं, कारण वैशाखात त्याच कासवाने पाठीवरचे चार खवले टाकले होते. चौथ्या दिवशी पाणी बदलायला त्याला उचललं आणि वास आला. वैशाखात होती ती कात. ही कूज होती.

कूज हा शब्द मुद्दाम वापरतेय. माडाचा कोंब कुजलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. बाजूच्या झावळ्या हिरव्यागार असतात आणि मधला सुरका धरून ओढला की घाण वासासकट हातात येतो. कासवाचं कवचही असंच फसवतं.

आमचं कासव म्हणजे लाल कानाचा स्लायडर, दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा असताना विकतात तोच. त्याचं कवच दोन थरांचं असतं. आत हाड, ते बरगड्या आणि मणक्याला जोडलेलं. त्यावर आपल्या नखासारख्या केराटिनचे खवले, फरशीसारखे कडेला कड लावून बसवलेले. कात म्हणजे वरच्या खवल्याचा जुना पापुद्रा निघणं. कूज म्हणजे जंतू किंवा बुरशी खवल्याखाली शिरणं, आणि वेळेत थांबवली नाही तर हाडापर्यंत पोचणं.

रंगावर जाऊ नका. लोक तिथेच चुकतात, मीही चुकले. कातीचा खवला सुटायला लागला की त्याखाली हवा शिरते आणि तो पांढरट दिसतो, म्हणून घाबरतात. उलट कूजही सुरुवातीला पांढरटच असते, म्हणून निर्धास्त राहतात. बोअरच्या जड पाण्याचे क्षार साचून पडलेले डागही पांढरेच. ते व्हिनेगर घातलेल्या पाण्यात कापड बुडवून पुसले की जातात, त्यांचा प्रश्न तिथेच मिटला.

पाहायची ती कड. कातीचा पापुद्रा खवल्याच्या आकारातच सुटतो. वैशाखातला एक मी काड्यापेटीत ठेवलाय. उजेडाकडे धरला तर पलीकडची बोटं दिसतात, कांद्याच्या सालीसारखा, आणि खवल्याच्या रेघा त्यावर जशाच्या तशा आहेत. तो पडला तिथे खाली नवा खवला होता, कडक आणि पॉलिश केल्यासारखा. आषाढातल्या डागाला खवल्याची हद्द ठाऊकच नव्हती. दोन खवल्यांच्या सांध्यावर तो दोन्हीकडे पसरला होता, वेडावाकडा. मध्ये खड्डा, त्यात पनीरच्या चुऱ्यासारखं काहीतरी, आणि बोटाने हलकेच दाबलं तर तेवढीच जागा दबत होती. कासवाने पाय आत ओढून घेतला. कात दुखत नाही. तिला वासही नसतो.

तेवढीच जागा दबणं आणि सगळं कवच लवचीक लागणं यांतही फरक करा. अगदी पिल्लाचं कवच थोडं लवतंच. पण वाढलेल्या कासवाचं सगळं कवच मऊ असेल तर ती कूज नव्हे. कॅल्शियम आणि ऊन मिळत नाही म्हणून हाडंच कच्ची राहिलीत. आम्ही त्याला रोज जवळा घालायचो. जवळा हा त्याचा खाऊ, जेवण नव्हे. स्लायडरसाठी तयार मिळणारं खाणं आणि पालाभाजी हवी.

आता आईची बाजू. ती अगदीच चुकली नव्हती. स्लायडर पाण्याबाहेर येऊन उन्हात सुकतो तेव्हा जुने खवले वाळून सुटतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन कुठलं? त्यात वीज गेली की उबेसाठी लावलेला दिवाही बंद. खवला अर्धा सुटून तसाच चिकटून राहतो, त्याखाली पाणी साचतं, टबातली घाण असतेच, आणि कातीचीच कूज होते. म्हणून अर्धवट सुटलेला खवला नखाने ओढू नये, खालचा ओला थर सोलवटतो आणि जंतूंना दार उघडं होतं. खिडकीत ठेवूनही भागत नाही. हाडांना लागणारे अतिनील किरण काचेतून येत नाहीत. त्यासाठी वेगळा यूव्हीबी दिवा लागतो, आणि तो पेटत दिसला तरी त्याचे किरण सहा ते बारा महिन्यांत उतरतात.

उपचार सोपे, पण कंटाळवाणे. कासवाला दिवसाचा बराच वेळ कोरड्या टबात, दिव्याच्या उबेत ठेवायचं. दिवसातून दोनदा तासभर पाण्यात सोडायचं, कारण स्लायडरला पाण्याबाहेर घास गिळता येत नाही. पोव्हिडोन आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाचं होईल इतकं पातळ करून, मऊ टूथब्रशने सैल झालेलं तेवढंच काढायचं, पाच-दहा मिनिटांनी धुवून नीट सुकवायचं. वर सिल्व्हर सल्फाडायझिनचा पातळ हात, भाजल्यावर लावतात ते पांढरं मलम. खोबरेल, हळदीचा लेप, रंग यातलं काही नको. तेलाने ओल आत कोंडते. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून दर आठवड्याला फोटो काढा, डाग वाढतोय की आटतोय ते डोळ्यांपेक्षा फोटोत कळतं. आमचा भरायला गणपती उलटून गेले, खळगा अजून आहे. आणि हात साबणाने धुवा, टब स्वयंपाकघराच्या मोरीत धुवू नका. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकण्यावर बंदी आली ती साल्मोनेलामुळेच, म्हणजे कासवांकडून माणसाला लागणाऱ्या जुलाबाच्या जंतूंमुळे.

पोटाची बाजू लालसर दिसली, हाड उघडं पडलं किंवा कासवाने खाणं सोडलं तर घरी थांबू नका, विष रक्तात गेलेलं असू शकतं. गावातला गुरांचा दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींचा आणि कुत्र्यांचा, पण डॉक्टरांना आधी विचारून घ्यायला लाजू नका. एक मात्र लक्षात ठेवाच: गोचिडांवर देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाच्या जिवावर बेततं.

हे सगळं स्लायडरपुरतं. जमिनीवरचं तारांकित कासव असे पापुद्रे टाकत नाही, त्याच्या खवल्यांवर वाढीची वलयं साठत जातात, तेव्हा त्याची पाठ सोलतेय म्हणजे काहीतरी बिघडलंय. लावणीच्या दिवसांत शेजारचा मुलगा मळ्यात सापडलेलं मऊ पाठीचं कासव बादलीतून घेऊन आला, "कात टाकतंय काय गो?" म्हणून. त्याला खवलेच नसतात, पाठीवर नुसती कातडी, आणि ती एका बाजूला सोलली होती. ही दोन्ही कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, घरी ठेवताच येत नाहीत. बादलीवर ओलं गोणपाट टाकलं आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन लावला.