ल्हासा-नेवार व्यापार

नेपाळमधील काठमांडू व ललितपूर (पाटण) येथील नेवार (काठमांडू खोऱ्यातील एक समाज) व्यापारी घराण्यांनी तिबेटातील ल्हासा येथे कोठ्या (व्यापारी पेढ्या) उघडून चालविलेला व्यापार. त्यात तुलाधर, कंसाकार, ताम्राकार तसेच शाक्य, वज्राचार्य घराणी प्रमुख होती. एक भाऊ काठमांडूत, दुसरा ल्हासात, अशी विभागणी अनेकदा असे. लोकर, कस्तुरी आणि देवळातल्या चवरीला लागणारे याकच्या शेपटीचे केस तिबेटातून येत. कापड व भांडी तिकडे जात.

या व्यापाराचा आरंभ वादग्रस्त आहे. नेवार परंपरा तो सिंहसार्थबाहू या सार्थवाहाच्या (व्यापारी तांड्याच्या नायकाच्या) कथेशी जोडते. काही लेखक सातव्या शतकातील नेपाळी राजकन्या भृकुटी व तिबेटी राजा स्रोङ्-चन-गम्पो यांच्या विवाहापर्यंत मागे जातात; तथापि भृकुटीच्या ऐतिहासिकतेविषयीच शंका असल्याने त्यावर कालनिर्णय उभारणे धाडसाचे होय. तेराव्या शतकात नेवार शिल्पी अरनिको तिबेटमार्गे कुबलाईखानाच्या दरबारी गेला. वाट त्यापूर्वीच रुळलेली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कोठ्यांना करारबद्ध स्थान मिळाले ते बहुधा सतराव्या शतकाच्या मध्यास, काठमांडूचा मल्ल राजा प्रतापमल्ल याचा सेनानी काजी भीममल्ल याने तिबेटशी केलेल्या तहाने. तहाचे नेमके वर्ष निरनिराळे दिले जाते. ल्हासात ३२ कोठ्यांची मुभा आणि तिबेटसाठी नेपाळने नाणी पाडण्याचा हक्क ही त्याची कलमे सांगतात. तिबेटने चांदी पाठवायची व नाणी परत घ्यायची, असा हा व्यवहार होता. मल्लकाळाच्या अखेरीस नाण्यांत हीण वाढले. मल्लांनंतर आलेल्या गोरखा राजवटीने शुद्ध नाणी पाडली, तेव्हा जुन्या-नव्या नाण्यांच्या बदल्याचा दर ठरेना. १७८८ च्या नेपाळ-तिबेट युद्धाच्या कारणांत हा तंटा प्रमुख मानतात. पुढे तिबेटच्या बाजूने १७९२ मध्ये चिनी सैन्य नेपाळात उतरले.

१८५६ च्या नेपाळ-तिबेट थापाथली तहाने नेपाळी व्यापाऱ्यांना जकातमाफी व ल्हासात नेपाळी प्रतिनिधी मिळाला. जुना मार्ग कुती व केरुंग या घाटांचा होता. १९०४ च्या तिबेटवरील ब्रिटिश मोहिमेनंतर भारतातील कालिम्पाँग ते तिबेटातील ग्यान्त्से हा मार्ग पुढे आला आणि काही घराण्यांनी कालिम्पाँग व कोलकाता येथे पेढ्या काढल्या. ल्हासातील व्यापाऱ्यांच्या संघटनांना 'पाला', तर नेवार पिता व तिबेटी माता यांच्या संततीला 'खचरा' म्हणत.

१९५६ च्या नेपाळ-चीन कराराने थापाथली तहातील विशेष हक्क संपले. १९६२ च्या भारत-चीन युद्धाने कालिम्पाँग मार्ग बंद पडला. ल्हासात नेपाळचा महावाणिज्यदूतावास मात्र आहे.