वाढलेलं गवत एकदाच बुडापासून कापावं का?

पावसाची झड संपली की लॉन रानासारखं माजलेलं असतं आणि सल्ला ठरलेला: ‘एकदाच बुडापासून कापा, महिनाभर बघायला नको.’ हे साफ चूक आहे. गवत पात्यांतूनच अन्न तयार करतं. पाती एकदम गेली की मुळांची वाढ खुंटते, उघड्या मातीवर ऊन पडतं आणि तण आधी डोकं काढतं. दाट गवत हाताने बाजूला सारून बघा, खालचे दांडे पांढुरके, पिवळट दिसतील. त्यांना उन्हाची सवयच नसते. म्हणून एका वेळी उंचीचा एक तृतीयांश भागच कापा: १५ सेंटिमीटरचं आधी १० वर, चार-पाच दिवसांनी ७ वर. माती पायाखाली पचपचत असेल, तर मात्र थांबाच; यंत्राच्या चाकांखाली ती दबून घट्ट होते. कापलेल्या ओल्या गवताचे गठ्ठेही लगेच उचला, नाहीतर खालचं गवत कुजतं.