उसातली खोडकीड आणि तिचं एकात्मिक व्यवस्थापन

खोड पोखरणारी अळी दिसली की आपल्याकडे सरसकट खोडकीड म्हणतात, पण उसात अशा किडी मुख्य तीन आणि तिघींची वेळ वेगळी. ऊस लहान असताना येते ती खरी खोडकीड, शास्त्रीय नाव कायलो इन्फस्कॅटेलस. कांड्या सुटल्यावर कांडी कीड. शेंड्यातून खाली उतरते ती शेंडे कीड. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या पुणे जिल्ह्यातल्या पट्ट्यात चर्चा असते ती जास्त करून पहिलीची, आणि ती पण सुरू उसात, कारण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारीत लावलेला ऊस कोवळा असतानाच मार्च ते मेचं ऊन लागतं आणि किडीला कोरडी गरम हवा मानवते. आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेल्या) उसाचं कोवळं वय पावसाळ्यात निघून जातं त्यामुळे तिथं त्रास कमी.

मादी पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्यानं अंडी घालते, ४ ते ६ दिवसांत अळी बाहेर पडते, थोडे दिवस पानाच्या देठाआड खाते आणि मग जमिनीलगत खोडात शिरते. पाठीवर पाच जांभळट पट्टे असतात. पोंगा (मधला कोवळा शेंडा) वाळतो, ओढला की अलगद हातात येतो आणि घाण वास मारतो, ही पक्की खूण. शेंडे किडीचा पोंगा असा सहज निघत नाही, शिवाय पानावर ओळीनं भोकं दिसतात आणि पुढं शेंड्याला पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात. फुटवे यायच्या आधीच मातृकोंब मेला तर नांगी पडते, म्हणजे ओळीत जागा रिकामी राहते, नंतर एखाददुसरा फुटवा गेला तर ऊस तो भरून काढतो. म्हणून १५ टक्के पोंगे वाळले की नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात, दोन पोंगे वाळलेले दिसले की लगेच पंप पाठीवर घ्यायची गरज नाही.

अळी एकदा आत गेली की वरून मारलेलं साधं औषध तिच्यापर्यंत जातच नाही, त्यामुळे सगळा खेळ अंड्याच्या त्या चार-सहा दिवसांचा. इथंच ट्रायकोग्रामा कामाला येतो. हा टाचणीच्या टोकाएवढा मित्रकीटक किडीच्या अंड्यातच स्वतःचं अंडं घालतो, म्हणजे अळी जन्मालाच येत नाही. प्रयोगशाळेत तो तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवतात आणि ती अंडी कार्डाला चिकटवून देतात. लागणीनंतर महिना-दीड महिन्यापासून दर १० दिवसांनी हेक्टरी ५०,००० ट्रायकोग्रामा या हिशोबानं चार-पाच वेळा सोडायचे. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. कार्ड आणून दोन दिवस गाडीच्या डिकीत ठेवलं तर ते मेलंच समजा, आणि लावल्यावर लगेच कीटकनाशक फवारलं तर पैसे डबल वाया.

मित्रकीटकांवर विश्वास नसणाऱ्यांनी २००२ नंतरचा लोकरी मावा (उसाचा रस शोषणारी कीड) आठवावा, उंच उसात फवारणीला कुणी शिरू शकत नव्हतं आणि तो आटोक्यात आणण्यात डिफा, मायक्रोमस या मावा खाणाऱ्या मित्रकीटकांचाच मोठा वाटा होता.

बाकी कामं साधी पण वेळेवर करायची. लागण लांबवायची नाही, बेणं निरोगी घ्यायचं, दीड महिन्याला बाळबांधणी करायची म्हणजे खोडाचा बुडखा मातीत झाकला जातो आणि अळीला शिरायला जागा राहत नाही. सरीत पाचट अंथरलं आणि उन्हाळ्यात हलकं पण वरचेवर पाणी दिलं की जमीन गार राहते. वाळलेले पोंगे जमिनीलगत कापून अळीसकट नष्ट करायचे. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग पकडणाऱ्या) त्या त्या किडीचाच ल्युअर, म्हणजे वासाची गोळी, लागतो, खोडकिडीच्या ल्युअरवर शेंडे किडीचे पतंग येणार नाहीत.

एवढं करूनही पातळी ओलांडली तरच रसायन. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी हेक्टरी ३७५ मिली, १,००० लिटर पाण्यातून, बुडख्याजवळ पडेल असं, कारण मुळातून ते वर चढतं. लेबल आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची किंवा पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची चालू शिफारस बघूनच घ्या, दुकानदार सांगेल ते नको.

मोठ्या उसात कांडी कीड आली तर पाचव्या आणि सातव्या महिन्यात खालची वाळकी पानं काढायची, नत्राचा मारा थांबवायचा, आणि प्रादुर्भाव जास्त असलेल्या प्लॉटचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक) ठेवायचाच नाही.