स्वल्पविरामांत बसलेलं ‘म्हणे’

‘द रिपोर्ट सेज दॅट द सी इज रायझिंग’ आणि ‘द सी, द रिपोर्ट सेज, इज रायझिंग’. मराठीत दोन्हींचा अर्थ एकच: समुद्राची पातळी वाढते आहे, असं अहवाल सांगतो. औपचारिक इंग्रजीत मात्र फरक पडतो. पहिलं वाक्य अहवालाविषयी आहे. दुसरं समुद्राविषयी, आणि अहवाल दोन स्वल्पविरामांत अंग चोरून बसलेला.

तत्त्वज्ञ जे. ओ. अर्मसन यांनी 1952 मध्ये वाक्यात अशी मध्येच येणाऱ्या क्रियापदांकडे लक्ष वेधलं. तिथलं ‘आय सपोज’ (मला वाटतं) मनात काय चाललंय ते सांगत नाही. विधानावर किती भरवसा ठेवायचा ते सुचवतं. मराठीतलं ‘म्हणे’ याच घराण्यातलं. फक्त आपल्या ‘म्हणे’ला शंकेचा वास असतो, साध्या ‘सेज’ला तो नसतो.

मधल्या जागेत कुठलंही क्रियापद चालत नाही. ‘सेज’, ‘नोट्स’, ‘आर्ग्यूज’ चालतात. ‘डिनाइज’ किंवा ‘डाउट्स’ नाही. कारण उघड आहे: मुख्य विधान लेखकाने आधीच मांडलेलं असतं, आणि ते ज्याच्या नावावर मांडलं तोच ते नाकारतो म्हटलं तर वाक्य स्वतःचाच पाय ओढतं.

‘अ‍ॅज’ लावताना जपावं. ‘अ‍ॅज डार्विन नोटेड’ लिहिलं की लेखकाला ते मत मान्य आहे असं वाचक धरतो. पुढच्याच परिच्छेदात ते मत खोडायचं असेल, तर ‘अ‍ॅज’ काढून ‘क्लेम्स दॅट’ किंवा ‘अकॉर्डिंग टू’ वापरावं.

मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांची एक चूक नेहमीची. आपण ‘डार्विनच्या मते… असं तो म्हणतो’ बोलून जातो, कुणाला खटकत नाही. त्यातूनच ‘अकॉर्डिंग टू डार्विन, ही सेज दॅट’ जन्मतं. तसंच ‘अ‍ॅज डार्विन शोड दॅट’. ‘अकॉर्डिंग टू’ असेल तर ‘सेज’ नको, ‘अ‍ॅज’ असेल तर ‘दॅट’ नको.

जागा निवडताना कान वापरावा. कर्त्यानंतर ‘द रिपोर्ट सेज’सारखा तुकडा घातला की कर्त्यावर जोर येतो. वाक्याच्या शेवटी घातला तर तो जेमतेम जाणवतो. ‘द’ आणि नाम यांच्यामध्ये तो कधीच जात नाही. मध्ये असेल तर स्वल्पविराम दोन्ही बाजूंना हवेत. घाईत दुसरा राहतो आणि वाक्य लंगडतं. क्रम उलटून ‘सेड द मिनिस्टर’ बातमीत चालतं, पण ‘सेड ही’ आज जुनाट वाटतं, आणि ‘हॅज सेड द मिनिस्टर’ हे तर इंग्रजीच नव्हे.

खरी अडचण लांब वाक्यात येते. ‘द ड्रग, द रिपोर्ट सेज, वॉज टेस्टेड ऑन 40 पेशंट्स अँड इज सेफ.’ चाचणी 40 रुग्णांवर झाली, हे अहवालाचं. पण औषध सुरक्षित आहे, हे कोण म्हणतं? अहवाल की लेखक? स्वल्पविरामांतल्या तुकड्याचा अंमल कुठवर चालतो, हे इंग्रजीत कुठलंही चिन्ह दाखवत नाही. वैद्यकीय किंवा कायद्याच्या मजकुरात असं वाक्य ‘40 पेशंट्स’पाशी पूर्णविराम देऊन तोडावं. सुरक्षिततेचं विधान अहवालाचंच असेल, तर दुसऱ्या वाक्याच्या सुरुवातीला ‘इट ऑल्सो स्टेट्स दॅट’ लिहावं. लेखकाचं स्वतःचं असेल, तर तिथे पुरावा द्यावा.