सोयरीक, मुंबईच्या टोळीविश्वातील

मुंबईतील गुन्हेगारी टोळ्यांमधील विवाह, त्यांतून जुळलेली नाती आणि त्या नात्यांपायी पेटलेली वैरे यांचा येथे विचार केला आहे. कालखंड ढोबळमानाने १९७० ते २००० असा धरतात. करीम लाला, हाजी मस्तान व वरदराजन या जुन्या टोळीप्रमुखांच्या पिढीत घरसंसार आणि धंदा बराचसा वेगळा असे. मस्तानने एका अभिनेत्रीशी लग्न केले, त्याची चर्चा झाली. मात्र त्यावरून टोळ्या एकमेकींवर उठल्या नाहीत.

या संदर्भात नेहमी पुढे येणारे उदाहरण चेंबूरच्या टिळकनगरमधील राजन नायर ऊर्फ बडा राजन याचे. प्रचलित कथेनुसार प्रेयसीला वाढदिवसाची भेटवस्तू घ्यायला पैसे हवेत म्हणून त्याने कामाच्या ठिकाणचे टंकलेखनयंत्र चोरले, ते चोरबाजारात विकले आणि पुढे अशाच चोऱ्यांपायी तुरुंगात गेला. बाहेर आल्यावर त्याने टोळी बांधली. त्याचाच साथीदार अब्दुल कुंजू याने त्या मुलीशी लग्न केले आणि दोघांत हाडवैर आले. टंकलेखनयंत्राचा तपशील सांगोवांगीचा असावा. अशा कथांत भाईची पहिली चोरी बहुधा प्रेमापायीच झालेली असते. कुंजूचे लग्न आणि त्यातून आलेले वितुष्ट मात्र बहुतेक वृत्तांतांत आढळते.

१९८३ मध्ये किल्ला कोर्टाबाहेर, पोलीस पहाऱ्यात असताना बडा राजनचा खून झाला. गोळ्या झाडणारा चंद्रशेखर सफालिका हा रिक्षाचालक नौदलाच्या गणवेशात आला होता, असे सांगतात. खुनाच्या कारणाविषयी दोन मते आहेत. पहिल्यानुसार कुंजूने लग्नाचे वैर उगवले. दुसऱ्यानुसार त्याच वर्षी डेव्हिड परदेशी या मारेकऱ्याने न्यायालयात पठाण टोळीच्या अमीरजादाला मारले, त्या कामात बडा राजनचा हात होता आणि पठाणांनी त्याचा सूड घेतला. दाऊद इब्राहिमचा भाऊ साबीर कासकर याच्या १९८१ मधील खुनापासून दाऊद व पठाण टोळ्यांत सुरू झालेल्या सूडाच्या मालिकेत दुसरे मत नीट बसते. तथापि दोन्ही मते एकमेकांना छेद देत नाहीत: पठाणांना बडा राजन नको होता आणि त्याच्या जवळ पोचण्याची वाट कुंजूला ठाऊक होती. लग्न हे खुनाचे एकमेव कारण मानण्याऐवजी त्या लग्नाने पठाणांना घरभेदी मिळवून दिला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते. बडा राजनची गादी राजेंद्र निकाळजे ऊर्फ छोटा राजन याच्याकडे आली. काही वर्षांनी कुंजूला क्रिकेटच्या मैदानात गाठून संपवण्यात आले.

टोळीप्रमुख हाताशी नसला की त्याच्या सोयऱ्यावर नेम धरला जाई. दाऊद इब्राहिमची बहीण हसीना हिचे पती इस्माइल पारकर यांची २६ जुलै १९९२ रोजी नागपाड्यात हत्या झाली. दगडी चाळीतील टोळीचा प्रमुख अरुण गवळी याच्या भावाच्या खुनाचा हा बदला मानला जातो. मेहुण्याच्या खुनाचे उत्तर १२ सप्टेंबर १९९२ रोजी जे. जे. रुग्णालयात दिले गेले. तेथे दाखल असलेला, पारकर खुनातील आरोपी शैलेश हळदणकर आणि पहाऱ्यावरचे दोन पोलीस मारले गेले. या हल्ल्यात एके-४७ वापरली गेली. वैधव्यानंतर हसीनाचा नागपाड्यातील दबदबा वाढला. ‘आपा’ या नावाने ती २०१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ओळखली जाई.

नवरा तुरुंगात वा फरार असताना वस्तीतला कारभार पत्नीने पाहणे हे गिरणगावात विशेष दिसते. दगडी चाळीत ‘डॅडी’ गवळीच्या मागे ‘मम्मी’ आशा गवळी यांचा शब्द चाले. त्या जन्माने मुस्लिम, वडगाव मावळच्या; या आंतरधर्मीय विवाहावरून टोळीत मोठा संघर्ष झाल्याची नोंद नाही. टोळीप्रमुख अश्विन नाईक याची पत्नी नीता नाईक शिवसेनेच्या नगरसेविका झाल्या. नोव्हेंबर २००० मध्ये त्यांचा खून झाला. पतीनेच तुरुंगातून सुपारी दिल्याचा आरोप होता; २००९ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.

प्रत्यक्ष लग्नसमारंभांविषयी जुनी माहिती तुटपुंजी आहे. अलीकडच्या काळात विषय मुख्यतः पॅरोलचा उरला आहे. मुलाच्या लग्नासाठी गवळीला २०१५ मध्ये पॅरोल मिळाला. मे २०२० मध्ये टाळेबंदीत मुलीचे लग्न दगडी चाळीत झाले, तेव्हाही तो पॅरोलवरच होता. तुरुंगातील गुंड अबू सालेमने स्वतःच्या लग्नासाठी मागितलेला पॅरोल २०१८ मध्ये नाकारण्यात आला.