नारकोंडम धनेश व त्याचे संवर्धन

नारकोंडम हे उत्तर अंदमानच्या पूर्वेस अंदमान समुद्रात असलेले, सुमारे 6.8 चौ. किमी. क्षेत्रफळाचे व सुमारे 710 मी. उंचीचे ज्वालामुखीजन्य भारतीय बेट होय. निसर्गतः नारकोंडम धनेश (हॉर्नबिल) या पक्ष्याची वस्ती जगात केवळ येथील दाट अरण्यात आहे. बेटाचे नाव ‘नरककुंडम्’ या संस्कृत शब्दावरून आले असावे, असे स्कॉटिश भूगोलज्ञ हेन्री यूल यांनी सुचविले. मात्र जागृत ज्वालामुखी दक्षिणेकडील बॅरन बेटावर असल्याने, मूळचे बॅरनचे नाव नकाशांत चुकून नारकोंडमकडे आले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पक्षितज्ज्ञ ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1873 मध्ये या पक्ष्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. पुढे काही वर्गीकरणकारांनी त्याला पापुआ व मोलुकास भागातील ‘ऱ्हिटिसेरॉस प्लायकेटस’ या जातीत उपजाती म्हणून समाविष्ट केले. म्यानमार-थायलंडमधील ‘सबरुफिकॉलिस’ हा धनेशही तेव्हा त्याच जातीत धरला जाई. आज तिन्ही स्वतंत्र जाती मानण्याकडे कल आहे. आकारमान, नराच्या डोक्याचा व मानेचा तांबूस रंग आणि बेटाचे एकाकीपण पाहता तो योग्यच म्हणावा लागेल. हा वाद केवळ नावाचा नाही, कारण उपजाती नष्ट झाली तर तिचे आप्त इतरत्र उरतात, जाती नष्ट झाली तर काहीच उरत नाही.

मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, आणि नर अरुंद फटीतून तिला व पुढे पिलांना उंबरवर्गीय व इतर फळे भरवितो. त्यामुळे जुने, पोकळ खोडाचे वृक्ष व वर्षभर फळणारे उंबरवर्गीय वृक्ष टिकले, तरच पक्षी टिकतो. धनेश फळांच्या बिया दूर नेऊन टाकत असल्याने अरण्याचे नूतनीकरणही त्याच्यावर अवलंबून आहे.

बेटावर पोलीस चौकी स्थापन झाल्यानंतर तेथे शेळ्या आणल्या गेल्या. त्यांनी कोवळी रोपे खाल्ल्याने अरण्याची नैसर्गिक वाढ खुंटली. नंतर त्या हटविण्यात आल्या. चौकीलगत काही अरण्य तोडून केळी व नारळाची लागवडही झाली होती. 1977 मध्ये बेटाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तटरक्षक दलाचा रडार केंद्राचा प्रस्ताव पर्यावरण मंत्रालयाने 2012 मध्ये नाकारला, 2014 मध्ये मात्र त्याला मान्यता दिली.

1972 मधील पाहणीत सुमारे 400 पक्षी अंदाजिले गेले. 2019-20 च्या हिवाळ्यातील पाहणीत हा अंदाज सुमारे 1,026 (संभाव्य मर्यादा 751 ते 1,402), म्हणजे दर चौ. किमी.स सुमारे 151 पक्षी असा आला. गणनेच्या पद्धती भिन्न असल्याने हे आकडे सरळ वाढ म्हणून वाचू नयेत, तथापि इतकी दाटी धनेशांत विरळाच आढळते. संख्या समाधानकारक असली तरी सर्व पक्षी एकाच डोंगरावर असल्याने एखादे चक्रीवादळ, वणवा किंवा बाहेरून आलेला परभक्षक प्राणी संपूर्ण जातीस एकाच वेळी धोका पोहोचवू शकतो.